‘साती आठी’ला अडलेली लेक आणि जगाची यादी

पत्र : न्यू जर्सीत राहणाऱ्या एका आईने लिहिलं आहे. लेक पाचवीत, धाकटा मुलगा दुसरीत. गेल्या उन्हाळ्यात सगळे पुण्याला आले होते. एका रात्री जेवताना सहावीतल्या चुलतभावाने शेकडेवारीची गणितं तोंडी सोडवून दाखवली. मग कुणीतरी लेकीला विचारलं, ‘साती आठी किती?’ ती बोटं मोजू लागली. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, ‘तिकडे शिकवतात की नाही काही?’ पुढे सासऱ्यांनी, ते निवृत्त गणित शिक्षक आहेत, अमेरिकी मुलं आंतरराष्ट्रीय परीक्षेत गणितात घसरल्याची बातमी पाठवली आणि नवऱ्याच्या मनाने घेतलं : येत्या जूनला मुलांना पुण्याच्या शाळेत घालायचं. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, सासरे कोथरूडला एकटे असतात. या बाईंची नोकरी आत्ता कुठे मार्गी लागली आहे. त्या विचारतात, ‘इथलं शिक्षण खरंच एवढं खालावलं असेल, तर मुलांना इथे ठेवून आम्ही त्यांचं नुकसान करतोय का? की मी नोकरीपायी स्वार्थी झालेय?’

उत्तर :

आधी त्या रात्रीच्या जेवणाबद्दल बोलू. दहा वर्षांची मुलगी, घर पाहुण्यांनी भरलेलं, सगळ्यांच्या नजरा तिच्यावर आणि अचानक पाढ्याची परीक्षा. अशा वेळी येत असलेलंही तोंडातून फुटत नाही. मी बावीस वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवलं. फळ्यापाशी ‘येत नाही बाई’ म्हणून मान खाली घालणारी आणि बाकावर परत गेल्यावर वहीत तेच उदाहरण अचूक सोडवणारी मुलं दर वर्षी भेटायची. त्या एका प्रसंगावरून तिच्या गणिताचं माप काढू नका. पण तिला जवळ घेऊन एकदा सांगा, की तुला तसं चारचौघांत विचारायला नको होतं. तुम्ही तेव्हा गप्प राहिलात हे तुम्हाला अजून टोचतंय, हे पत्रात दिसतं. ते तिच्याशी बोलून टाका. पुढची सगळी गणितं त्यानंतरची.

आता ती बातमी. सासऱ्यांनी पाठवलं ते खोटं नाही. टिम्स नावाची परीक्षा दर चार वर्षांनी बऱ्याच देशांतल्या चौथीच्या आणि आठवीच्या मुलांची होते. तिच्या २०२३ च्या फेरीत अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे गणिताचे सरासरी गुण २०१९ च्या ५१५ वरून ४८८ वर आले, चौथीचे ५३५ वरून ५१७ वर. हे गुण शंभरपैकी किंवा हजारपैकी नसतात. १९९५ साली ५०० हा मध्य धरून एक पट्टी आखली आणि तीच पट्टी दर फेरीला लावतात. सिंगापूरची आठवीची मुलं या पट्टीवर ६०५ ला आहेत. तेव्हा घसरण झाली आहे, ती मोठी आहे आणि तिची काळजी वाटायलाच हवी.

पण ‘घसरली’ म्हटलं, की आपण मनातल्या मनात एक चित्र रंगवतो : अमेरिका कधी काळी पहिली होती, आता रसातळाला चालली. तसं कधी नव्हतंच. गणिताची पहिली आंतरराष्ट्रीय पाहणी १९६४ मध्ये झाली. बारा देश होते आणि तेरा वर्षांच्या मुलांत अमेरिका अकरावी आली. १९८३ मध्ये रेगन सरकारने नेमलेल्या आयोगाने ‘राष्ट्र धोक्यात आहे’ असा अहवाल दिला. त्यातही हेच होतं, की १९ आंतरराष्ट्रीय चाचण्यांत अमेरिकी मुलं एकदाही पहिली किंवा दुसरी आली नाहीत आणि सात वेळा प्रगत देशांत शेवटची आली. म्हणजे तुमच्या सासऱ्यांनी पाठवलेली बातमी साठ वर्षांपासून थोड्याफार फरकाने छापली जाते आहे.

मधल्या काळात मात्र एक गोष्ट घडली, तिची बातमी फारशी झाली नाही. १९९५ मध्ये आठवीचे गुण ४९२ होते. ते हळूहळू चढत २०१५ मध्ये ५१८ पर्यंत गेले. वीस वर्षांत २६ गुण, एका अवाढव्य देशात. आणि पुढच्या आठ वर्षांत ती सगळी कमाई गेली, उलट चार गुण वजाच झाले. चौथीचंही तसंच : १९९५ मध्ये ५१८, मध्ये ५४१ पर्यंत चढाई, आता ५१७. मला या आकड्यांचं वाईट वाटतं ते यामुळे. कुणीतरी वर्गावर्गात कष्ट करून चढवलेले ते गुण होते.

आणि हे फक्त गणिताचं झालं. पंधरा वर्षांच्या मुलांची पिसा नावाची दुसरी परीक्षा आहे. तिच्यात अमेरिकेचे वाचनाचे गुण २००० साली ५०४ होते आणि २०२२ मध्येही ५०४च. बाकीचे देश खाली आल्यामुळे त्या फेरीत वाचनात अमेरिका पहिल्या दहांत होती. गणितात २०२२ मध्ये ४६५ गुण मिळाले, त्यांच्या तोवरच्या सगळ्या फेऱ्यांत सर्वांत कमी, आणि क्रमांक तिशीच्या पुढे गेला. एकाच शाळेतली, एकाच वयाची ही मुलं. मग ‘अमेरिकेतलं शिक्षण’ चांगलं की वाईट, याचं उत्तर एका शब्दात कसं द्यायचं?

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने मला याहून महत्त्वाची वाटते ती सरासरीच्या आतली गोष्ट. २०११ च्या टिम्समध्ये नऊ राज्यांनी स्वतःचे वेगळे गुण काढून घेतले होते. आठवीच्या गणितात मॅसॅच्युसेट्सला ५६१ मिळाले, अलाबामाला ४६६. संपूर्ण अमेरिका होती ५०९ वर. एकाच देशात ९५ गुणांची दरी! न्यू जर्सी त्या नवांत नव्हतं, पण अमेरिकेच्या स्वतःच्या राष्ट्रीय चाचणीत तुमचं राज्य वर्षानुवर्षं मॅसॅच्युसेट्सच्या जोडीने वरच्या फळीत असतं. शिवाय अलीकडची घसरण सगळ्यांची सारखी नाही. वरची मुलं बरीचशी जागेवर राहिली आणि खालची मुलं खाली गेली. हे कोविडच्या आधीच सुरू झालं होतं, शाळा बंद पडल्यावर आणखी वाढलं. ज्यांच्या घरी अभ्यासाला बसवणारं कुणी नाही, ज्यांच्या शाळेत गणिताचा शिक्षक टिकत नाही, त्या मुलांचं हे नुकसान आहे. ते फार मोठं आहे, पण ते तुमच्या लेकीचं नाही. त्या सरासरीकडे पाहून तिच्याबद्दल निर्णय घेणं म्हणजे विदर्भातल्या दुष्काळाचे आकडे वाचून कोकणातल्या विहिरीची चिंता करण्यासारखं आहे.

परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या मनाचाही विचार करा. या परीक्षांचे गुण मुलाला कळत नाहीत, प्रगतिपुस्तकावर येत नाहीत. काही अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या आणि शांघायमधल्या शाळांत एक प्रयोग केला. पंचवीस प्रश्न, पंचवीस मिनिटं. अमेरिकेतल्या काही मुलांना पेपर सुरू होण्याच्या तोंडावर एक-एक डॉलरच्या पंचवीस नोटांचं पाकीट हातात दिलं : हे तुझं, पण दर चुकीला एक नोट परत घेणार. ती मुलं जास्त प्रश्नांपर्यंत पोचली आणि जास्त बरोबर आली. शांघायमध्ये तसंच पैशांचं आमिष दाखवलं, तर काहीच फरक पडला नाही, कारण ती मुलं आधीच जीव तोडून सोडवत होती. यावरून सगळी दरी खोटी ठरते असं नाही. पण तिचा काही भाग ज्ञानाचा नसून ‘मला काय त्याचं’ या भावनेचा आहे.

आता पुण्याकडे वळू. नवऱ्याच्या मनातली तुलना अमेरिका आणि भारत अशी आहे. पण त्या यादीत भारत शोधून पाहा, सापडणार नाही. पिसाच्या २००९ च्या फेरीत हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू या दोन राज्यांतली मुलं बसली होती. ७४ देश-प्रदेशांच्या यादीत ती दोन्ही राज्यं ७२ व ७३ व्या जागी आली. प्रश्नांचे संदर्भ आपल्या मुलांना परके होते, असं कारण तेव्हा दिलं गेलं, आणि त्यानंतर आपण त्या परीक्षेत उतरलोच नाही. आपल्याच देशातल्या ‘असर’ पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण भागातल्या पाचवीच्या दर दहा मुलांपैकी जेमतेम तिघांना तीन अंकी संख्येला एका अंकाने भागता आलं. मग तुम्ही कशाची तुलना करताय? एका बाजूला साऱ्या अमेरिकेची सरासरी, दुसऱ्या बाजूला कोथरूडमधला एक हुशार पुतण्या, त्याला रोज अभ्यासाला बसवणारी आई आणि बहुधा संध्याकाळचा क्लास. ही तुलना तुमच्या लेकीवर अन्याय करते, आणि त्या पुतण्यावरही, कारण आता त्याने प्रत्येक जेवणाला गणितं सोडवून दाखवावीत अशी अपेक्षा होणार.

एक गोष्ट मी शिक्षिका म्हणून सांगते, कारण ती मला स्वतःला उशिरा कळली. १९९५ च्या टिम्सबरोबर जर्मनी, जपान आणि अमेरिकेतल्या आठवीच्या गणिताच्या २३१ तासांचं चित्रीकरण केलं होतं. त्यातला एक जपानी तास शिक्षकांमध्ये फार चर्चिला गेला. शिक्षक फळ्यावर दोन शेजाऱ्यांच्या जमिनी काढतात. मधला बांध वाकडा आहे. प्रश्न एवढाच : कुणाचीही जमीन कमी-जास्त न होता हा बांध सरळ कसा करायचा? मग ते पट्टीने बांध इकडे-तिकडे धरून मुलांनाच विचारतात, इथे घालू का, इथे? मुलं काही मिनिटं आपापली झगडतात, एकमेकांच्या वहीत डोकावतात, शिक्षक बाकांमधून फिरतात पण उत्तर सांगत नाहीत. शेवटी समांतर रेषांमधल्या, एकाच पायावरच्या त्रिकोणांचं क्षेत्रफळ सारखं असतं, हा मुद्दा मुलांच्या तोंडून येतो. अमेरिकी तासांत बहुतेक वेळा शिक्षक रीत सांगायचे आणि मुलं तशीच उदाहरणं सोडवायची.

बांधावरून कोर्टात गेलेली घरं आपल्या गावोगावी आहेत, पण त्याच बांधातून भूमिती शिकवावी हे मला बावीस वर्षांत सुचलं नाही. माझा तास त्या अमेरिकी तासासारखाच होता : रीत, नमुना उदाहरण, मग सरावसंच. फक्त सराव आम्ही तिप्पट द्यायचो. पुण्यातल्या ज्या शाळेत तुम्ही मुलांना घालाल, तिथेही बहुधा हेच मिळेल. सराव वाईट नाही, त्याचं मोल मी पुढे सांगणार आहे. पण सिंगापूर-जपानचं गणित हवं म्हणून पुण्याला यायचं, हा हिशोब जुळत नाही.

मग लेकीचं खरं काय चाललंय ते कसं कळणार? तुमच्या राज्यात तिसरीपासून दर वसंतात एनजेएसएलए ही परीक्षा होते. गेल्या वर्षीचा, चौथीचा निकाल घरी किंवा शाळेच्या संकेतस्थळावर असेलच. नुसता एकूण आकडा पाहून ठेवून देऊ नका. ७५० म्हणजे इयत्तेची अपेक्षा पूर्ण, हे ठीक. पण खाली चार पोटभाग असतात, त्यांत गणिती विचार मांडता येतो का आणि व्यवहारातला प्रश्न गणितात बसवता येतो का, असे दोन असतात. ते दोन चांगले असतील आणि तरी ती साती आठीला अडत असेल, तर तिची समज पक्की आहे आणि सराव कमी आहे. हे दुखणं काही महिन्यांत बरं होतं. उलट असेल, म्हणजे पाढे येतात पण शाब्दिक उदाहरण समोर आलं की बेरीज करायची की गुणाकार हेच कळत नाही, तर पुण्याला गेलात तरी ते सोबत येईल.

आणि पाढे यायला हवेत. यावर मी जावेच्या बाजूने आहे, तिचं बोलणं मला आवडलं नाही तरी. पाचवी-सहावीत अपूर्णांक सुरू झाले, की छेद सारखे करताना ५६ आणि ६३ डोळ्यांसमोर आपोआप यावे लागतात. दर वेळी बोटं मोजणाऱ्या मुलाचं डोकं तिथेच दमतं आणि मूळ प्रश्न निसटतो. रोज दहा मिनिटं, गाडीत, भांडी आवरताना, पण परीक्षेसारखं नाही. हे काम मी आजोबांकडे देईन. आपल्याकडे पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, सव्वा, दीड यांचे पाढेही पाठ करत. तुमच्या सासऱ्यांना त्या नक्की येत असतील. दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, पाच पाव सव्वा. अमेरिकेतल्या पाचवीचं वर्ष बहुतेक अपूर्णांकांतच जातं, आणि तुमच्या लेकीकडे पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे तयार शब्द घरातच आहेत. पाऊण वाटी रवा दोनदा घेतला की दीड वाटी होतो, हे शिऱ्याच्या कढईपाशी कळलेलं मूल ३/४ गुणिले २ ला घाबरत नाही. आठवड्यातून दोनदा आजोबा-नात अशी अर्ध्या तासाची व्हिडिओ भेट ठरवून टाका.

क्लासचं म्हणाल, तर रोज पानंच्या पानं भरून घेणाऱ्या क्लासला घालण्याआधी वरचा निकाल पाहा. सरावच कमी असेल तर सहा महिने चालेल. समज कमी असेल तर त्या पानांनी फक्त गणिताचा कंटाळा येईल. पैसा घालायचाच असेल तर मुलांना एका प्रश्नावर थांबू देणारी, त्यांच्याकडून बोलून घेणारी शिकवणी शोधा.

शाळेत एक चौकशी मात्र या वसंतातच करा, कारण ती संधी निघून जाते. बऱ्याच शाळा-जिल्ह्यांत पाचवीच्या शेवटी किंवा सहावीत मुलांना गणिताच्या वेगवेगळ्या वाटांना लावतात. एका वाटेने बीजगणित आठवीत येतं, दुसरीने नववीत, आणि बारावीपर्यंत कॅलक्युलसला पोचायचं की नाही हे बऱ्याच अंशी तिथे ठरतं. निवड कशावरून होते, पुन्हा संधी मिळते का, हे शिक्षिकेला भेटून विचारा. तिकडचे आपले कितीतरी पालक हे सातवीत कळल्यावर हळहळतात. आणि तुमच्या लेकीला वेगवान वाट नाही मिळाली तर आकाश कोसळत नाही. अपूर्णांक पक्के नसताना घाईने पुढे ढकललेली मुलं मी पाहिली आहेत, ती बीजगणितात रडकुंडीला येतात.

आता नवऱ्याबद्दल. तुम्ही एका ओळीत लिहून पुढे निघून गेलात, की सासूबाई गेल्या आणि सासरे एकटे असतात. माझी नजर तिथेच अडली. बातमी कुणी पाठवली? सासऱ्यांनी. नातवंडं जवळ असावीत असं त्या माणसाला वाटत असेल, आणि ते सरळ म्हणता येत नसेल. तुमच्या नवऱ्यालाही वडिलांची ओढ लागली असेल. ‘बाबा एकटे आहेत, मला जायचंय’ म्हणण्यापेक्षा ‘इथलं गणित बिघडलंय’ म्हणणं पुरुषांना सोपं जातं. माझा अंदाज चुकीचा असू शकतो. म्हणून त्यांनाच विचारा, वाद म्हणून नाही, एखाद्या शांत रात्री : ‘उद्या अमेरिका त्या यादीत पहिली आली, तर आपण जाणार नाही का?’ ‘तरीही जायचंय’ असं उत्तर आलं, तर आकडे बाजूला ठेवा आणि बाबांबद्दल बोला. तिथून वेगळेच मार्ग निघतील. ते वर्षातले काही महिने तुमच्याकडे येऊ शकतील का, उन्हाळ्याचे दोन महिने मुलं त्यांच्याकडे राहतील का, की खरोखरच परत जाणं सगळ्यांना हवं आहे.

जायचं ठरलंच, तर त्यासाठी जूनपर्यंतचे काही महिने कमी आहेत. महाराष्ट्रात सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. लेक मराठी बोलते, पण लिहिते का, याबद्दल पत्रात काही नाही. दुसरीतला मुलगा सहज रुळेल. सहावीत जाणाऱ्या मुलीला नवी लिपी, नव्या मैत्रिणी आणि लेखी परीक्षेचा वेगळा बाज एकदम अंगावर येईल. आजपासून रोज अर्धं पान मराठी लिहून घ्या, राहिलात तरी ते वाया जाणार नाही. आणि तुमच्या नोकरीचा प्रश्न त्याच टेबलावर, तितक्याच मोठ्या आवाजात मांडा. तुम्ही स्वार्थी नाही आहात. आईचं काम सुटल्यावर घराचं काय होतं, हाही मुलांच्याच भल्याचा हिशोब आहे.

येत्या रविवारी एक करून बघा. आजोबांना व्हिडिओवर घ्या, दोन्ही मुलांना टेबलाशी बसवा आणि हा प्रश्न घाला. तो २०१२ च्या पिसातला, पंधरा वर्षांच्या मुलांसाठीचा आहे. जपानमधला फुजी पर्वत लोकांना चढण्यासाठी १ जुलै ते २७ ऑगस्ट एवढाच खुला असतो. त्या काळात सुमारे दोन लाख माणसं चढतात. तर रोज सरासरी किती? पर्याय ३४०, ७१०, ३,४००, ७,१०० आणि ७,४००. धाकट्याला मुठीच्या उंचवट्यांवर जुलैचे दिवस मोजायला सांगा. लेकीचं उत्तर ७,४०० आलं, तर तिने फक्त ऑगस्टचे २७ दिवस धरले, हे लक्षात घ्या आणि लगेच ‘चुकलं’ म्हणू नका. ‘कसं काढलंस, आजोबांना सांग’ एवढंच म्हणा. आणि आजोबांना आधीच फोन करून ठेवा, की तिचं सांगून होईपर्यंत त्यांनी मध्ये बोलायचं नाही. आम्हा गणिताच्या मास्तरांना ते फार जड जातं.